झेनमधला टेप

बंगळूरची पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा युनिटमध्ये सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. ‘सर, आता मजा आहे तुमची. हवा छान, पंख्याची गरज नाही, कमांड हॉस्पिटल गावातच, पोरीला चांगली शाळा.’ यातलं शाळेचं तेवढं तंतोतंत खरं निघालं. २००८ च्या मे महिन्यात आम्ही पोचलो तर पंखा लागत होता, आणि सरकारी क्वार्टरच्या वेटिंग लिस्टवर माझा नंबर इतका खाली होता की क्लार्कने तो मला मोठ्याने वाचून दाखवायचं टाळलं.

हिचा मोठा भाऊ जे. पी. नगरमध्ये राहायचा. सॉफ्टवेअरवाला. त्याच्याच ओळखीने दोन गल्ल्या सोडून वरचा मजला भाड्याने मिळाला. जे. पी. म्हणजे जयप्रकाश नारायण. आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसाचं नाव वस्तीला दिलंय, आणि वस्तीचे तुकडे मात्र फेज वन, फेज टू असे एखाद्या ऑपरेशन ऑर्डरसारखे पाडलेत. फौजी माणसाला हे सोपं जायला हवं. तरी पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकलो. क्रॉस कुठे संपतो आणि मेन कुठे सुरू होतो हे बंगळूरमध्ये नकाशापेक्षा नारळपाणीवाल्याला विचारावं.

वस्ती मात्र आवडली. रस्त्यावर झाडं, कोपऱ्यावर फिल्टर कॉफी, आणि चालत जाण्याच्या अंतरावर रंगशंकरा. शंकर नाग यांच्या आठवणीत अरुंधती नाग यांनी उभं केलेलं हे नाट्यगृह २००४ साली सुरू झालं. तिथे वेळ झाली की दार बंद, मग तुम्ही कोणीही असा. आयुष्यात पहिल्यांदा एक सिव्हिलियन संस्था अशी पाहिली की जिथे मी पंधरा मिनिटं आधी पोचलो याचं कुणाला हसू आलं नाही.

अडचण एकच, ऑफिस. ते शहराच्या पूर्वेला, आगरमच्या बाजूला. सकाळी बीटीएम, सिल्क बोर्ड, कोरमंगला, डोमलूर असा मार्च. सिल्क बोर्ड हे रेशीम मंडळाच्या कार्यालयाचं नाव, पण बंगळूरकर ते नाव घेतात तेव्हा त्यांना रेशीम अजिबात आठवत नसतं. त्या चौकात मी एलओसीवरच्या नाक्यापेक्षा जास्त वेळ थांबलेलो आहे. जाऊन-येऊन रोजचे अडीच तास गाडीत. आणि गाडीत टेप होता.

गाडी म्हणजे मारुती झेन, एमएच ११, म्हणजे साताऱ्याची. टेप मूळ मालकाने बसवलेला, कॅसेट आणि रेडिओ, बाकी काही नाही. माझ्याकडे एका काळ्या ट्रंकेत साठ कॅसेट होत्या. भीमसेन, कुमार गंधर्व, लताबाईंची ‘शिवकल्याण राजा’, पु. लं.ची ‘म्हैस’, वपुंचं कथाकथन. फील्डमधून फील्डमध्ये जाताना माणूस भांडी टाकतो, पुस्तकं वाटून टाकतो, पण कॅसेट सोडवत नाहीत. सिल्क बोर्डला ‘म्हैस’ लावली की एसटी अडलेली आणि आपणही अडलेले, असा छान मेळ बसायचा.

पण कॅसेटी वयात आल्या होत्या. राजस्थानचं ऊन आणि पूंछचा दमटपणा खाल्लेल्या. कुणाचा आवाज घोंगडीखालून आल्यासारखा, कुणाचं रीळ चालता चालता गुंतायचं. मग मेहुण्याने दिवाळीला त्याचा जुना आयपॉड लेकीला दिला, आणि आमच्या घरात नव्या युगाचा प्रश्न उभा राहिला. एवढ्याशा डबीतलं गाणं गाडीच्या स्पीकरमधून काढायचं कसं?

पहिला उपाय मेहुण्यानेच आणला, कॅसेट अ‍ॅडाप्टर. दिसायला कॅसेट, पण आत रीळ नाही, आणि एका कोपऱ्यातून वायर बाहेर. मला तो प्रकार फार आवडला, कारण तो निव्वळ शत्रूला फसवण्याचा होता. टेपच्या आत एक हेड असतं. फितीवरचं चुंबकीय चित्र त्याच्यासमोरून सरकतं आणि हेड त्याची वीज करतं. अ‍ॅडाप्टरमध्येही तसंच एक छोटं हेड असतं, ते बरोबर टेपच्या हेडसमोर येतं. आयपॉडमधून आलेल्या विजेचं ते चुंबकीय क्षेत्र करतं, टेपच्या हेडला वाटतं फीतच चाललीय, आणि ते बिचारं इमानाने गाऊ लागतं. फीत नसली तरी आतले दात फिरते ठेवावे लागतात, नाहीतर टेपला वाटतं कॅसेट संपली आणि तो बाजू बदलतो. आमच्या अ‍ॅडाप्टरचे हेच दात तीन महिन्यांत झिजले. कुमारांच्या प्रत्येक आलापाखाली चक्कीचा आवाज येऊ लागला. त्यानंतर एके दिवशी तो बाजू बदलत बसला तो बसलाच.

दुसरा उपाय एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायचा, आयपॉड त्याला जोडायचा, आणि रेडिओवर रिकामी जागा शोधून ती फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे लावायची. म्हणजे आपल्याच गाडीत आपलं आकाशवाणी केंद्र. गावाकडे हे उत्तम चालेल. पण देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र, ९१.१, २००१ साली सुरू झालं ते याच बंगळूरमध्ये. ८८ ते १०८ च्या पट्ट्यात इथे आधीच एवढी गर्दी की रिकामी जागा सिटी बसमध्ये मिळेल पण रेडिओवर मिळायची नाही. जे. पी. नगरमध्ये शोधलेली जागा कोरमंगल्यात दुसऱ्याच्या आवाजाखाली दबायची. भीमसेन समेवर येतायत आणि मधूनच कन्नडमध्ये साड्यांची जाहिरात. सिग्नल रेजिमेंटचा एक मित्र म्हणाला, ‘जॅमिंगमध्ये काम कसं करायचं हे आम्ही कोर्सला शिकतो, तू फुकटात शिकतोयस.’ आकाशवाणीच्या १००.१ वर अमृतवर्षिणी नावाची शास्त्रीय संगीताची सुंदर वाहिनी लागायची, शेवटी मी तीच ऐकायला लागलो आणि ट्रान्समीटर कप्प्यात गेला.

मग २००९ च्या फेब्रुवारीत ठरवलं, टेपच बदलायचा. समोर यूएसबीचं भोक आणि ऑक्स असलेला. साडेपाच हजार रुपये, सगळं बसवून. आकार सगळ्यांचा सारखाच असतो, सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर, त्यामुळे जुना निघाला त्याच खाचेत नवा बसतो. बंगळूरमध्ये गाडीचं सामान म्हटलं की जे. सी. रोड, पण मेहुणा म्हणाला घराजवळच एक दुकान आहे, कशाला एवढ्या लांब जाता. इथे चूक झाली. पण ती जे. सी. रोडवरही झाली असती, कारण ती मुळात आमच्या घरातली होती.

दुकानात एक विशीतला पोरगा. चपळ. दहा मिनिटांत त्याने डॅशबोर्ड उघडला, जुना टेप ओढून काढला, वायरी कटरने कापल्या. मी बारकाईने बघत होतो, कारण वायरींच्या रंगांचा मी आदल्या रात्री अभ्यास केला होता. पिवळी बॅटरीतून थेट, ती घड्याळ आणि लावून ठेवलेली स्टेशनं जिवंत ठेवते. लाल किल्लीवरून, ती टेप चालू-बंद करते. काळी अर्थ. पांढऱ्या जोडीवर पुढचा डावा स्पीकर, करड्यावर पुढचा उजवा, हिरव्यावर मागचा डावा, जांभळ्यावर मागचा उजवा, आणि प्रत्येक जोडीतल्या काळी रेघ असलेल्या वायरवर निगेटिव्ह. पोराने पिवळी आणि लाल एकत्र पिळून किल्लीवर टाकल्या. मी म्हटलं, असं केलंस तर गाडी बंद केली की हा सगळं विसरणार. तो म्हणाला, ‘सर, नथिंग विल हॅपन.’ आमच्याकडे हे वाक्य ऐकलं की मी पोझिशन घेतो. पण तेवढ्यात चहा आला आणि मी बाहेर गेलो.

परत आलो तर पोरगा कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या टेपशी झटापट करत होता. जुन्याचे तीनशे रुपये एक्स्चेंजमध्ये मिळणार होते. आत कॅसेट अडकलीय हे त्याच्या लक्षात आलं, वीज नाही म्हणून ती बटणाने बाहेर येईना, म्हणून त्याने नोजप्लायर घातलं आणि ओढलं. माझ्यासमोर टेबलावर चॉकलेटी फितीचा शेवयांसारखा ढीग पडला होता. आणि त्या ढिगाच्या टोकाला एक पांढरी कॅसेट.

मला पहिल्यांदा कळलंच नाही. ट्रंकेतल्या साठच्या साठ घरी होत्या, मीच मोजून ठेवल्या होत्या. गाडीत कॅसेट कुठून आली? मी हिला फोन लावला. ‘टेपमध्ये एक कॅसेट होती, पांढरी...’ पलीकडून काही बोलणं नाही. मग म्हणाली, ‘काढून ठेवायची राहिली. अहो, ती बरी आहे ना?’

आता पांढऱ्या कॅसेटबद्दल सांगायला हवं.

१३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला आणि त्या महिन्यातच सगळी फौज सीमेकडे निघाली. ऑपरेशन पराक्रम. आम्ही राजस्थानात होतो, ऑक्टोबर २००२ मध्ये मागे घ्यायचा निर्णय होईपर्यंत, म्हणजे दहा महिने. लढाई झाली नाही म्हणून पुस्तकांत त्याला दोन पानं मिळतात. सुरुंग पेरताना आणि काढताना माणसं गेली, त्यांना अर्धं पानही मिळत नाही. ज्यांनी ते महिने काढले त्यांना माहीत आहे की आज, उद्या, नक्की परवा असं करत करत थांबणं काय असतं. सुट्ट्या बंद. फोन म्हणजे आठवड्यातून कधीतरी, मागे वीस लोक रांगेत उभे असताना तीन मिनिटं. बाकी सगळं ५६ एपीओवर.

त्या फेब्रुवारीत ५६ एपीओच्या पत्त्यावर एक पुडकं आलं. त्यात चकल्यांचा चुरा आणि ही पांढरी कॅसेट. हिने गावी, साताऱ्याजवळच्या आमच्या घरी, टू-इन-वनवर टेप केली होती. लेक तेव्हा अडीच वर्षांची. मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती धड बोलत नव्हती. कॅसेटमध्ये ती सशाची गोष्ट सांगते, मग तिला कंटाळा येतो, मग ही तिला आकडे म्हणायला लावते. एक ते दहा. दहा झाल्यावर लांबून आईचा आवाज येतो, ‘शाब्बास गं माजी वाघीण!’ मग आई जवळ येते. टेप चालू आहे हे तिला माहीत नाही, किंवा माहीत असून मानत नाही. म्हणते, ‘त्याला इचार, तिकडं भाकरी मिळती का.’ ही म्हणते, तुम्हीच विचारा. थोडा वेळ नुसता चुलीचा आणि कोंबड्यांचा आवाज. मग आई म्हणते, ‘बंद कर ते आता. सेल उतरत्याल.’ खट. संपलं. बी साइड कोरी.

त्या अठरा मिनिटांची मी किती पारायणं केली याचा हिशेब नाही. एका नायकाचा वॉकमन होता. रात्री माझं झालं की कंपनीतली मराठी पोरं मागून न्यायची, आणि सकाळी परत करताना एखादा हळूच म्हणायचा, ‘साहेब, आमची आय पन असंच बोलती.’

आई २००६ मध्ये गेली. मी तेव्हा कुपवाड्यात होतो. पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला. फोटो आहेत तिचे, चार-पाच. आवाज एवढाच, या फितीवर.

एवढ्या वर्षांत मला वाटत होतं की पांढरी कॅसेट हिच्या कपाटात, साड्यांखाली आहे. ती तिथे नव्हती. मी ऑफिसला स्टाफ कारने जायचो त्या दिवशी ही झेन घेऊन बाजारात जायची, आणि परत येताना मिनी फॉरेस्टच्या कडेला झाडाखाली गाडी लावून ऐकायची. आदल्या दिवशी ऐकली, रिवाइंड केली, आणि लेकीच्या शाळेचा फोन आला म्हणून तशीच निघाली. हे मला त्या फोननंतर कळलं. मी तिला विचारलं नाही की इतके दिवस सांगितलं का नाहीस. मीही तिला कधी सांगितलं नव्हतं की त्या दहा महिन्यांत मी ही कॅसेट ऐकताना तोंडावर ब्लँकेट घ्यायचो.

पोरगा घाबरला होता. ‘सॉरी सर’ म्हणत तो ती फीत बोटाने गोळा करायला लागला. त्याच्या अंगावर ओरडावं असा माझा पहिला विचार होता आणि आवाजही तयार होता, परेड ग्राउंडवरचा. पण तो जितकी गोळा करत होता तितकी ती आणखी चुरगळत होती, म्हणून मी फक्त ‘स्टॉप’ म्हटलं. एका वर्तमानपत्रावर तो सगळा ढीग तसाच उचलून घेतला आणि दोन्ही हातांवर धरून घरी चालत आलो. नवा टेप आणि उघडी गाडी तिथेच.

मेहुण्याने दोन-तीन ठिकाणी फोन केले आणि सारक्की बाजाराच्या मागे एक म्हातारे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करतात असं कळलं. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. मी पाटी वाचून हिच्याशी मराठीत काहीतरी बोललो, तर आतून आवाज आला, ‘तुमी कुठचे?’ मी म्हटलं साताऱ्याचे. ‘आमी पण तिकडचेच. येऊन दिवस झाले मात्र.’ किती दिवस, मी विचारलं. ‘शहाजीराजे आले तेव्हा.’

हे ते अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. १६३८ मध्ये आदिलशाहीच्या फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. राजांची समाधीही कर्नाटकातच आहे, होदिगेरेला. त्यांच्या मागून आलेली घराणी इथे राहिली, आणि त्यांची मराठी घराघरात कन्नडच्या सावलीत वाढली. काकांना मराठी वाचता येत नव्हतं. बोलताना क्रियापद मनासारखं सापडलं नाही की ते कन्नडमधून उसनं घ्यायचे. पण ‘रीळ’ आणि ‘दोरा’ हे शब्द अगदी आमच्या आजीच्या तोंडचे.

दुसरी ओळख त्याहून जवळची निघाली. काका जलहळ्ळीच्या बीईएलमधून रिटायर झालेले. भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९५४ पासूनची. ज्या रेडिओ सेटवर मी आयुष्यभर ‘ओव्हर’ म्हणत आलो त्यांच्या पाठीवर बीईएल हीच अक्षरं. काका तीस वर्षं अशाच सेटांना डाग देत बसलेले. मी म्हटलं, काका, एकदा ऐन वेळी सेट बोलेना. ते म्हणाले, ‘तेव्हा मी सुट्टीवर असणार.’

त्यांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं, दिवा खाली ओढला आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कुणी घाई करायची नाही. दुसरी, सेलोटेप नावाची वस्तू या खोलीत आणायची नाही. सेलोटेपचा डिंक उन्हात पाझरतो आणि पुढचे वेढे एकमेकांना चिकटतात. त्यांच्याकडे जोडणीची खास पट्टी होती, पातळ, जुन्या साठ्यातली. फुटलेल्या पांढऱ्या कवचाच्या जागी त्यांनी पाच स्क्रूचं एक रिकामं कवच काढलं. मग बोटांना टाल्कम पावडर लावून, ढीग न ओढता, नुसता सैल करत करत, मीटरमीटर फीत मोकळी केली. तासाच्या कॅसेटमध्ये एका बाजूची फीत सुमारे ८६ मीटर असते. सगळी बाहेर आली नव्हती, पण पाचेक मीटर असेलच. गुंता सुटलेला भाग मी सहा कोनांच्या पेन्सिलीने गुंडाळत होतो. हे काम शाळेत असताना सगळ्यांनीच केलेलं आहे, फक्त तेव्हा हात थरथरत नव्हते.

शेवटी एक तुकडा राहिला. प्लायरने पकडलेला. तिथे फीत ताणून सुतळीसारखी झाली होती आणि वरचा चॉकलेटी थर निघून खालचं प्लॅस्टिक दिसत होतं. काकांनी तो भिंगाखाली बघितला आणि मान हलवली. मोजला, वीस सेंटिमीटर. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर चालते. मी मनात भागाकार केला. काका आधीच म्हणाले, ‘चार सेकंद.’

कापू का, असं त्यांनी मला विचारलं नाही. हिला विचारलं. ही म्हणाली, ‘कापा.’

जोडून त्यांच्या डेकवर लावली तर आवाज आला पण दबलेला, भिंतीपलीकडून आल्यासारखा. माझा चेहरा पडला असावा. काकांनी बारीक पेचकस घेतला आणि हेडच्या शेजारचा एक मुंगीएवढा स्क्रू फिरवायला लागले. टू-इन-वनचं हेड किंचित वाकडं असलं तर त्यावर टेप झालेली फीत सरळ हेडवर घुसमटते. मग ऐकणाऱ्या हेडलाही तेवढंच वाकडं करायचं. पाव फेरा, आणखी थोडा, थोडा मागे. आणि अचानक कोंबड्या स्पष्ट झाल्या. चुलीतलं लाकूड तडकलं ते ऐकू आलं. सात वर्षांत वॉकमनवर मला ते तडकणं कधी ऐकूच आलं नव्हतं.

मग लेक मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच... नऊ, दहा. ‘शाब्बास गं माजी वाघीण!’

काकांनी चार सेकंदं काढली ती नेमकी कुठली हे तेव्हा कळलं. आईचं एक अक्षर गेलं नव्हतं. ही हसायला लागली आणि तिचे डोळे भरले, दोन्ही एकाच वेळी. काकांनी पैसे घेतले दीडशे रुपये, त्यातले चाळीस कवचाचे.

पुढचं काम मेहुण्याच्या लॅपटॉपवर. काकांनी एक डेक महिनाभर उसना दिला. डेकच्या हेडफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरची वायर लॅपटॉपमध्ये, आणि त्यावर ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्राम. यात शॉर्टकट नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. पांढरी झाल्यावर म्हटलं, आता उरलेल्या साठही उतरवू. रोज रात्री दोन. आवाजाची पातळी जरा खाली ठेवायची, कारण काटा लाल रेषेवर गेला की वरचा आवाज फाटतो आणि फाटलेला नंतर शिवता येत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. साठ कॅसेट, साठ तास, म्हणजे ३६०० एमबी. माझी अख्खी काळी ट्रंक चार जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावली आणि वर जागा उरली. मी तो पेनड्राइव्ह चिमटीत धरून बराच वेळ बघत बसलो. या वजनासाठी मी आयुष्यभर ट्रकवाल्यांशी भांडलो होतो.

लेक तेव्हा साडेनऊ वर्षांची. तिने पांढऱ्या कॅसेटची फाइल हेडफोनवर ऐकली. आजी तिला अंधुकच आठवते. तिने तो भाग दोनदा ऐकला आणि मला विचारलं, ‘बाबा, मला तेव्हा सहा, सात, आठ येत नव्हते?’

मी म्हटलं येत होते, आणि काय झालं ते सांगितलं. ती जरा विचार करून म्हणाली, ‘मग मी आत्ता म्हणून देऊ? मामा मध्ये बसवेल.’ ऑडॅसिटीत ते पाच मिनिटांचं काम. तिने लहान मुलीसारखा आवाज काढून दाखवलाही. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘काही नको. आहे तसं राहू दे.’ मी लेकीचे सहा, सात, आठ वेगळ्या फाइलमध्ये घेऊन ठेवले. तिचा हिरमोड होऊ नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

नवा टेप तर बसला, पण इंजिनचा वेग वाढवला की स्पीकरमधून डासासारखी बारीक किंकाळी यायची, आणि मी म्हटलं होतं तसं गाडी बंद केली की तो सगळं विसरायचा. दुकानात परत गेलो नाही. एका रविवारी काकांना गाडीपाशी घेऊन आलो. किंकाळी अल्टर्नेटरची होती. काळी वायर जिथे जोडली होती तिथे रंग होता, त्यामुळे अर्थ कच्ची. काकांनी पत्रा खरवडून ती नीट आवळली. पिवळी आणि लाल वेगळी केली. फीत-बीत सगळं ठीक, पण डाग देताना त्यांचा हात बघण्यासारखा होता. मी सैन्यातर्फे त्यांना चहा पाजला.

गाणी मी उलटसुलट क्रमाने लागतील अशी ठेवली होती. त्यात पांढऱ्या कॅसेटची फाइलही होती हे विसरलो. जूनमध्ये एकदा आमचे सुभेदारसाहेब, कोल्हापूरकडचे, माझ्याबरोबर गाडीत होते. सिल्क बोर्डला नेहमीप्रमाणे उभे. भीमसेन संपले आणि एकदम ससा आला. मी बंद करायला हात पुढे केला, तर सुभेदारसाहेब म्हणाले, ‘राहू द्या की साहेब.’ मग आकडे झाले, शाब्बास झालं. आईने विचारलं, ‘तिकडं भाकरी मिळती का.’

सुभेदारसाहेब समोर बसकडे बघत म्हणाले, ‘कुठली हो मावशी. दहा महिने पुऱ्या खाल्ल्या.’ तेही पराक्रममध्ये होते, पंजाबच्या बाजूला. डोमलूर येईपर्यंत आम्ही दोघं पुऱ्यांबद्दलच बोललो.

पेनड्राइव्हच्या तीन प्रती आहेत, एक मेहुण्याकडे, एक गावी भावाकडे, एक गाडीत. मूळ पांढरी फीत नव्या कवचात, कपाटात. आणि तो वीस सेंटिमीटरचा ताणलेला तुकडा काकांनी टाकला नव्हता. गुंडाळून एका काडेपेटीत घालून हिच्या हातात दिला होता. त्यानंतर दोन पोस्टिंग झाल्या. दर मूव्हला सामानाची यादी करावी लागते, आणि आमच्या यादीत ट्रंक नंबर सातपुढे लिहिलेलं असतं, ‘कॅसेट ६१, काडेपेटी १’. मागच्या वेळी ट्रकवाल्या कंपनीच्या माणसाने त्यावर बोट ठेवलं. ज्वलनशील वस्तू सामानात चालणार नाहीत म्हणाला. ट्रंक उघडून दाखवायची माझी तयारी नव्हती. आत काड्या नाहीत, असं मी त्याला यादीखाली लिहून सही करून दिलं.